नंबर घरचा, डेटा परदेशातला : प्रवासी ई-सिमचा वापर

परदेशी विमानतळावर उतरल्यावर पहिल्या तासाभरातच इंटरनेटची खरी निकड भासते, आणि नेमके त्याच वेळी ते हाताशी नसते. न्यायला आलेला मुलगा कोणत्या दारापाशी उभा आहे हे विचारायचे असते, हॉटेलचा पत्ता टॅक्सीवाल्याला दाखवायचा असतो, घरी सुखरूप पोहोचल्याचे कळवायचे असते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून परदेशी जाणाऱ्यांमध्ये आज कृषी विभागाच्या अभ्यास दौऱ्यातून नेदरलँड्स किंवा इस्रायलची शेती पाहायला निघालेले नारायणगाव-ओतूर पट्ट्यातील द्राक्ष व टोमॅटो उत्पादक आहेत, सहल कंपनीबरोबर पॅरिस आणि स्वित्झर्लंड पाहणारी जोडपी आहेत, हज-उमराहचे यात्रेकरू आणि पशुपतिनाथ-मुक्तिनाथाचे भाविक आहेत, आणि अमेरिकेत वा जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलामुलींकडे चार-सहा महिने राहायला जाणारे आईवडीलही आहेत. या सर्वांना उपयोगी पडेल अशी व्यवस्था एका वाक्यात सांगता येते : घरचा नंबर फोनमध्ये चालू ठेवावा, त्याचा डेटा बंद ठेवावा, आणि इंटरनेटसाठी वेगळे प्रवासी ई-सिम घेऊन ते घर सोडण्यापूर्वीच फोनमध्ये बसवावे. पुढील विवेचन या वाक्यातील प्रत्येक भाग तसाच का असावा, हे स्पष्ट करण्यासाठी आहे.

सिम म्हणजे वस्तुतः प्लास्टिकचा तुकडा नव्हे, तर त्यावरील चिपमध्ये साठवलेली ग्राहकाची ओळख होय. हा फोन कोणत्या कंपनीच्या कोणत्या ग्राहकाचा आहे, हे टॉवरला पटवून देणारी गुप्त माहिती त्या चिपमध्ये असते. १९९१ मध्ये जर्मनीतील गीझेके अँड डेव्ह्रिएंट या कंपनीने पहिले सिमकार्ड तयार केले तेव्हा ते बँकेच्या कार्डाएवढे होते, आणि पुढे ते आकसत आकसत नखाएवढे झाले. ई-सिममध्ये ही चिप फोन तयार होतानाच आत बसवलेली असते आणि तिच्यात भरायची कंपनीची माहिती, जिला ‘प्रोफाइल’ म्हणतात, ती इंटरनेटवरून उतरवून घेतली जाते. २०१७ च्या गुगल पिक्सेल २ पासून आणि २०१८ च्या आयफोनपासून ही सोय मोबाइलमध्ये रुळत गेली. एका फोनमध्ये अशी अनेक प्रोफाइल साठवता येतात, मात्र एका वेळी सर्वसाधारणपणे दोनच सिम चालू राहतात, मग ती दोन्ही ई-सिम असोत किंवा त्यांतील एक नेहमीचे कार्ड असो. प्रवासी ई-सिम म्हणजे ठरावीक देशांसाठी, ठरावीक दिवसांसाठी आणि ठरावीक डेटासाठी विकत घेतलेले प्रोफाइल. बहुतेक वेळा त्याला स्वतःचा फोन नंबर नसतो, त्यामुळे त्यावरून साधा कॉल लागत नाही आणि एसएमएसही येत नाही.

आपल्या कंपनीच्या हद्दीबाहेर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून सेवा घेणे म्हणजे रोमिंग. फोन चालू झाला की तो कोणी कॉल करो वा न करो, जवळच्या टॉवरशी स्वतःहून रेडिओ लहरींनी संपर्क साधून नाव नोंदवतो. ज्या खोडदजवळ महाकाय मीटर-लहरी रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना दूरच्या दीर्घिकांचे क्षीण संकेत टिपतात, तेथे आलेल्या पाहुण्यांना फोन बंद ठेवायला सांगितले जाते ते याच कारणाने, हे या परिसरातील वाचकांना वेगळे सांगायला नको. परदेशात हीच आपोआप होणारी नोंदणी खर्चाचे दार उघडते. पॅक न घेता घरच्या सिमवर डेटा रोमिंग चालू राहिले, तर फोन खिशात असतानाही फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट आणि व्हॉट्सॲपच्या गटांतील व्हिडिओ डेटा खात राहतात, आणि त्याचा हिशेब एमबीच्या दराने होतो. एका जीबीमध्ये १,०२४ एमबी असतात हे लक्षात घेतले की पोस्टपेड बिल कुठवर जाऊ शकते याची कल्पना येते.

या खर्चातून सुटण्याचे मार्ग तीन आहेत : भारतीय कंपनीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक, त्या देशातील स्थानिक सिम आणि प्रवासी ई-सिम. यांपैकी ई-सिमच सर्वांसाठी श्रेष्ठ, असे म्हणणे बरोबर होणार नाही. सहल कंपनीबरोबर आठवडाभर जाणाऱ्या, फोनच्या सेटिंगमध्ये शिरण्याची सवय नसलेल्या ज्येष्ठांनी आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घ्यावा हे उत्तम. तो महाग पडला तरी फोनमध्ये काहीच बदलावे लागत नाही आणि नेहमीच्या नंबरावर कॉलही येतात. मुलाकडे चार-सहा महिने राहणाऱ्यांनी तेथील स्थानिक सिम घ्यावे किंवा मुलाच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवून घ्यावी, कारण दवाखान्याची वेळ ठरवण्यापासून घरपोच सामान मागवण्यापर्यंत तिकडचा नंबर विचारला जातो. अशांना प्रवासी ई-सिम फार तर पहिल्या चार दिवसांपुरते हवे. दहा-पंधरा दिवसांत दोन-तीन देश करणाऱ्या आणि स्वतः नकाशा पाहत हिंडणाऱ्या प्रवाशाला, म्हणजेच अभ्यास दौऱ्यावरच्या शेतकऱ्याला किंवा स्वतंत्रपणे फिरणाऱ्या कुटुंबाला, ई-सिमचा खरा लाभ होतो.

खरेदीपूर्वी फोन तपासणे आवश्यक आहे. डायल पॅडवर *#०६# दाबले असता पडद्यावर १५ अंकी आयएमईआय दिसतात, आणि फोनमध्ये ई-सिमची सोय असल्यास त्यांच्याबरोबर ३२ अंकी ईआयडी हा क्रमांकही दिसतो. तो दिसला नाही तर त्या फोनमध्ये ई-सिम बसणार नाही असे समजावे. कमी किमतीच्या अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय नसते, आणि चीनच्या मुख्य भूमीसाठी बनवलेल्या बहुतेक आयफोनमध्येही ती नाही. मुलाने अमेरिकेहून पाठवलेल्या फोनच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. तेथे हप्त्यावर घेतलेला फोन पुष्कळदा त्याच कंपनीच्या सिमला ‘लॉक’ केलेला असतो, आणि लॉक उघडल्याशिवाय तो दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे प्रोफाइल स्वीकारत नाही. शिवाय आयफोन १४ पासूनच्या अमेरिकन मॉडेलमध्ये सिमकार्डाची खाचच नाही, म्हणून अशा फोनमध्ये भारतीय नंबरही ई-सिमच्या रूपातच ठेवावा लागतो. भारतातील कंपन्या कार्डाचे रूपांतर ई-सिममध्ये करून देतात. परंतु सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास सुरक्षिततेसाठी एसएमएस बंद ठेवले जातात आणि त्या काळात ओटीपी येत नाही. त्यामुळे हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी न करता किमान आठवडाभर आधी उरकावे.

ई-सिम कोणाकडून घ्यावे, या प्रश्नाला भारतात कायद्याचीही बाजू आहे. परदेशी कंपन्यांची सिम भारतात विकण्यासाठी दूरसंचार विभागाची परवानगी लागते. जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय या जगभर वापरल्या जाणाऱ्या दोन ई-सिम विक्रेत्यांची ॲप या परवानगीअभावी विभागाच्या सांगण्यावरून भारतातील ॲप स्टोअरवरून काढण्यात आली. विदेशी नंबरांचा वापर करून होणारी ऑनलाइन फसवणूक ही त्यामागील चिंता होती, आणि ती रास्त आहे. म्हणून आपल्या दूरसंचार कंपनीकडून किंवा परवानाधारक भारतीय विक्रेत्याकडूनच खरेदी करावी. असा विक्रेता पासपोर्ट आणि प्रवासाची कागदपत्रे मागतो. हा त्रास वाटला तरी विक्री नियमानुसार होत असल्याचीच ती खूण आहे. याउलट, कोणतेही कागद न मागता समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतून स्वस्त क्यूआर कोड पाठवणाऱ्यापासून दूर राहावे.

प्लॅन निवडताना देशांची यादी नाव न् नाव वाचावी. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून सदस्य देशांच्या ग्राहकांना एकमेकांच्या देशांत वेगळे रोमिंग शुल्क पडत नाही, त्यामुळे फ्रान्सचे सिम नेदरलँड्समध्ये विनासायास चालते. परंतु स्वित्झर्लंड संघात नाही आणि ब्रिटन संघातून बाहेर पडलेला आहे. मराठी पर्यटकांच्या युरोप सहलीत स्वित्झर्लंड हमखास असते, आणि केवळ ‘युरोप’ असे नाव वाचून घेतलेला प्लॅन तेथेच बंद पडू शकतो. दुसरी बाब कोट्याची. भारतात रोज दीड-दोन जीबी मिळण्याची आणि मध्यरात्री कोटा पुन्हा भरण्याची सवय असते, तर प्रवासी ई-सिमचा कोटा बहुधा संपूर्ण मुदतीसाठी एकदाच मिळतो. तो कालव्याच्या आवर्तनासारखा पुन्हा पुन्हा येत नाही, शेततळ्यातल्या पाण्यासारखा पुरवून वापरावा लागतो. नकाशे, संदेश आणि घरी दोन-चार कॉल एवढ्यासाठी दहा दिवसांना पाच जीबी सहसा पुरतात, पण रोजचे व्हिडिओ कॉल आणि रील पाहण्याची सवय असेल तर दुप्पट घ्यावेत. ‘अमर्याद’ असे लिहिलेल्या प्लॅनमध्येही रोजच्या ठरावीक वापरानंतर वेग कमी करण्याची अट असते, ती बारीक अक्षरांत शोधावी. मुदत प्रोफाइल फोनमध्ये बसवल्यापासून मोजली जाते की परदेशातील टॉवरशी पहिल्यांदा जोडल्यापासून, हेही विचारून घ्यावे. पहिला प्रकार असल्यास प्रवासाच्या आदल्या दिवशीच प्रोफाइल बसवावे.

ते बसवण्याचे काम घरीच का करावे, याचे कारण साधे आहे : प्रोफाइल उतरवण्यासाठीच इंटरनेट लागते. आळेफाट्याहून माळशेजमार्गे मुंबईला निघालेल्या गाडीत घाटात रेंज जाते, आणि विमानतळावरचे मोफत वाय-फाय चालू करण्यासाठी पुष्कळदा ओटीपी मागितला जातो. आहुपे किंवा नाणेघाटाकडच्या ज्या गावांत रेंज अजूनही लहरी आहे, तेथील प्रवाशांनी हे काम जुन्नर, घोडेगाव किंवा मंचरला आले असताना करून घ्यावे. विक्रेता ईमेलवर क्यूआर कोड पाठवतो. तो कोड ज्या फोनवर आला, त्याच फोनच्या कॅमेऱ्याने टिपायचा कसा, अशी अडचण बहुतेकांना येते. कोड घरातील दुसऱ्या फोनवर पाठवून त्या पडद्यावरून टिपावा, किंवा कागदावर छापून घ्यावा. ईमेलमध्ये कोडाखाली दिलेली सर्व्हरची ओळ व सक्रियन संकेत हाताने भरण्याचीही सोय असते. घरी वाय-फाय नसल्यास त्याच दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चालतो. हा कोड सामान्यतः एकदाच वापरता येतो, म्हणून ‘नीट झाले नाही, पुन्हा करू’ म्हणून प्रोफाइल पुसण्याची घाई कधीही करू नये.

प्रोफाइल उतरताच फोन त्याला नाव विचारतो. तेथे ‘प्रवास’ असे आणि जुन्या सिमला ‘घर’ असे नाव द्यावे, म्हणजे पुढे कोणती खूण कोणत्या सिमची असा घोळ होत नाही. त्यानंतर तीन गोष्टी ठरवाव्यात. कॉल आणि एसएमएससाठी ‘घर’ सिम निवडावे. मोबाइल डेटासाठी, विमान उतरल्यावर, ‘प्रवास’ सिम निवडावे. गरजेनुसार डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर वळवण्याची जी सोय अनेक फोनमध्ये असते, ती न विसरता बंद करावी. अन्यथा प्रवासी सिमची रेंज क्षणभर गेली की फोन गुपचूप घरच्या सिमचा महाग डेटा वापरू लागतो. यानंतरचा मुद्दा अनेकांना उलटा वाटतो : ‘घर’ सिमचे डेटा रोमिंग बंद हवे, परंतु ‘प्रवास’ सिमचे डेटा रोमिंग चालू हवे. प्रवासी ई-सिम बहुधा तिसऱ्याच देशातील कंपनीचे असते आणि ज्या देशात प्रवासी उतरतो तेथे तेही पाहुणेच असते, त्यामुळे हे बटण बंद राहिले तर टॉवरच्या रेघा पूर्ण दिसूनही इंटरनेट चालत नाही. तरीही न चालल्यास फोन एकदा बंद करून चालू करावा, आणि विक्रेत्याने दिलेले एपीएन, म्हणजे इंटरनेटच्या प्रवेशद्वाराचे नाव, सेटिंगमध्ये तसेच आहे का ते पाहावे. ‘ई-सिम बंद पडले’ अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतील बऱ्याच या दोन-तीन बटणांपाशीच मिटतात.

घरचे सिम फोनमध्येच ठेवण्याचा आग्रह बँकेच्या ओटीपीसाठी आहे. परदेशात कार्ड वापरले, घरून पैसे मागवले किंवा येथल्या पतसंस्थेचे ॲप उघडले, तरी संकेत भारतीय नंबरावरच येतो. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या कंपनीच्या ॲपमधून आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा सुरू करून घ्यावी; ही सेवा सुरू करणे आणि डेटा रोमिंगचे बटण दाबणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीशिवाय नंबर परदेशी टॉवरवर नोंदवलाच जात नाही. येणाऱ्या एसएमएसला सामान्यतः शुल्क नसते, पण पॅक नसताना येणारा कॉल उचलला तर मिनिटाप्रमाणे पैसे कापले जातात, म्हणून नातेवाइकांना व्हॉट्सॲपवरच बोलण्यास आधी सांगून ठेवावे. प्रीपेड नंबरची मुदत परतीच्या तारखेपलीकडे जाईल असे रिचार्ज करावे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर केवळ कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले, लांब मुदतीचे रिचार्जही मिळू लागले आहेत. सहा महिने मुलाकडे राहणाऱ्या आईवडिलांनी भारतीय डेटासाठी विनाकारण पैसे न घालता तेच घ्यावेत.

व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालू राहते. ई-सिम टाकल्यावर ते नंबर बदलण्याबद्दल विचारू लागल्यास ‘नाही’ म्हणावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने संदेश ॲप नोंदणीच्या सिमशी सतत जोडलेली असावीत असे निर्देश कंपन्यांना दिले, त्यामुळे भारतीय सिम काढून पाकिटात ठेवण्याची जुनी पद्धत आता धोक्याची आहे. यूपीआयही नोंदवलेल्या सिमशी बांधलेले असते, आणि नेपाळ, भूतान, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस, श्रीलंका व फ्रान्स अशा देशांतील निवडक दुकानांत ते चालते, मात्र त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय आधी सुरू करावे लागते. अमिरातीतील स्थानिक नेटवर्कवर व्हॉट्सॲपचे संदेश जातात, पण कॉल चालत नाहीत, हे दुबईला जाणाऱ्यांच्या घरच्यांनी ध्यानात ठेवावे, म्हणजे उगाच काळजी लागून राहणार नाही. डेटा वाचवण्यासाठी फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट केवळ वाय-फायवर होतील असे ठरवावे, व्हॉट्सॲपमधील फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करावे, आणि जाण्याच्या शहरांचे नकाशे घरीच उतरवून घ्यावेत.

ई-सिमच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल स्पष्टपणे सांगणे भाग आहे. ‘तुमचे सिम बंद होणार आहे, ई-सिम करून देतो’ असा फोन येतो, बोलणारा स्वतःला कंपनीचा कर्मचारी म्हणवतो आणि एखादी लिंक उघडायला, संदेश पाठवायला किंवा आलेला संकेत सांगायला लावतो. तसे केले की नंबराचे प्रोफाइल भामट्याच्या फोनमध्ये उतरते, मूळ मालकाच्या फोनची रेंज जाते आणि त्यानंतरचे सर्व ओटीपी त्या भामट्याकडे जातात. ई-सिमसाठीची विनंती ग्राहकाने स्वतः, कंपनीच्या ॲपमधून किंवा दुकानात जाऊन, करायची असते. कोणतीही कंपनी त्यासाठी स्वतःहून फोन करून ओटीपी विचारत नाही. काही कारण नसताना रेंज अचानक गेली आणि शेजारच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज असेल, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवावे, आणि पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर फसवणूक क्रमांकावर तक्रार नोंदवावी. येथे तासाभराचा उशीरही महाग पडतो, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा राहते.

परत आल्यावर मोबाइल डेटा पुन्हा ‘घर’ सिमवर आणावा आणि मुदत संपलेले प्रवासी प्रोफाइल पुसावे. भारतीय नंबरही ई-सिमवर असेल तर पुसण्यापूर्वी नाव दोनदा वाचावे, कारण चुकून घरचे प्रोफाइल गेले तर ते परत मिळवण्यासाठी कंपनीच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जावे लागू शकते.

गावोगावी वडीलधाऱ्यांचे फोन लावून देणारी नातवंडे आणि पुतणे-पुतण्या असतात, त्यांना शेवटी एक विनंती आहे. आजी-आजोबांच्या हातातून फोन घेऊन दोन मिनिटांत सेटिंग करून देऊ नये; निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी त्यांच्याजवळ अर्धा तास बसावे आणि डेटा एका सिमवरून दुसऱ्या सिमवर नेणे, रोमिंगचे बटण ओळखणे आणि फोन बंद करून चालू करणे ही तीन कामे त्यांच्याच बोटांनी करवून घ्यावीत. ती मराठीत एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावीत, त्याखाली न्यायला येणाऱ्याचा नंबर देशाच्या संकेतासह लिहावा आणि तो कागद पासपोर्टात ठेवून द्यावा.